हात दाखवला होता

आम्ही दोघे भाऊ. थोरला चिपळूणच्या बाजारपेठेत औषधांच्या दुकानात नोकरीला आहे, धाकटा उर्दू माध्यमाच्या शाळेत मास्तर. हे कागदावर उतरवणारा हात मास्तराचा असला तरी लिहिताना 'आम्ही' असेच लिहिणार आहोत. जे केले ते दोघांनी मिळून केले. एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने मान डोलवायची, अशी आमची लहानपणापासूनची वाटणी आहे.

अब्बा एस.टी.त ड्रायव्हर होते. तीस वर्षांहून अधिक नोकरी झाली, त्यातली निम्मी कुंभार्ली घाटात. चिपळूण-कराड गाडी त्यांनी इतक्या वेळा नेली-आणली की घाटातली वळणे ते तस्बीहच्या मण्यांसारखी मोजत. विनाअपघात सेवेबद्दल मिळालेला बिल्ला अम्मीने कपाटात अत्तराच्या बाटलीशेजारी ठेवला आहे. २००७ साली निवृत्त झाले तेव्हा हाती आलेल्या पैशांतून त्यांनी दोन कामे केली. घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकला आणि पांढरी मारुती ८०० घेतली. "जन्मभर दुसऱ्याची गाडी हाकली," म्हणाले, "ही चार चाकं आपली."

त्या गाडीने बरेच सोसले आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी आमच्या मोहल्ल्यात शिरले तेव्हा ती दारात स्टिअरिंगपर्यंत बुडून उभी होती. आम्ही माळ्यावरून तिचे छप्पर तेवढे पाहत होतो. पाणी ओसरल्यावर आसने काढून गच्चीवर वाळवली, इंजिनाचे तेल दोनदा बदलले, स्टार्टर उघडून धुतला. ज्याने त्याने भंगारात द्यायचा सल्ला दिला. अब्बांनी ऐकले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. तीही त्यांनी पेन्शनमधून भरली. तपासणीत ब्रेक, हॉर्न, दिवे, इंडिकेटर सगळे पाहिले गेले. सगळे लागले. गाडी आणखी पाच वर्षांसाठी पास झाली.

आता जुलै २०२४ ची गोष्ट. असरची नमाज नुकतीच झाली होती, पाऊस भुरभुरत होता. मोठ्या रस्त्यावरून आमच्या गल्लीकडे उजवीकडे वळताना मागून आलेला एक मोटरसायकलवाला अब्बांच्या दारावर आदळला. मुलगा असेल एकोणीस-वीस वर्षांचा. कोपर सोलवटले, गुडघ्याला मुका मार लागला, गाडीचा हँडल वाकला. अल्लाहच्या कृपेने त्याहून अधिक काही झाले नाही. आम्ही धावत पोहोचलो तेव्हा घोळका जमला होता आणि अब्बा, पंचाहत्तर वर्षांचे, पावसात टोपी भिजवत उभे होते.

"सिग्नल न देताच वळले!" मुलगा ओरडत होता.

"इंडिकेटर टाकला होता," अब्बा म्हणाले. "तो लागला नाही, म्हणून हात दाखवला होता."

थोरल्याने पहिले काम केले ते हे की खिडकीतून हात घालून लाल बटण दाबले, म्हणजे मागून येणाऱ्यांना गाडी उभी आहे हे कळावे. चारही दिवे एकदम लुकलुकवणाऱ्या त्या बटणाला आमच्याकडे सगळे 'पार्किंग' म्हणतात. चारही दिवे झकास लागले. गाडी कडेला घेऊन ते बंद केले आणि घोळक्यातल्या एका जाणत्याने आत बसून उजवीकडचा इंडिकेटर टाकून पाहिला. टिक-टिक, टिक-टिक. पुढचा लागला, मागचाही लागला. डावीकडचाही लागला.

"लागतोय की, चाचा!" तो म्हणाला, आणि घोळका हसला. कुणीतरी मागून 'हात दाखवून अवलक्षण' ही म्हणही टाकली. अब्बांनी स्वतः पुढे होऊन दांडा खाली केला, पुन्हा वर केला. दिवा इमानदारीने लागत होता. त्यांच्या चेहऱ्याकडे तेव्हा नीट पाहायला हवे होते. आम्ही पाहिले नाही. आम्ही त्या मुलापुढे हात जोडले आणि त्यांच्यादेखत म्हणालो, "वय झालंय हो त्यांचं. विसरतात."

मुलाच्या मोटरसायकलच्या दुरुस्तीचे अडीच हजार दिले. घरी आल्यावर गाडीची चावी साखरेच्या रिकाम्या डब्यात घालून डबा वरच्या फळीवर ठेवला. खरे सांगायचे तर निमित्तच हवे होते. त्याआधी दोन महिने नाक्यावरचा एक रिक्षावाला आम्हाला म्हणाला होता, "तुमचे अब्बा साइड न दाखवताच वळतात, सांभाळा." आम्ही तेव्हाच मनाशी निकाल देऊन ठेवला होता. म्हातारपण, विसर, कमी होत चाललेले ऐकू. गाडीकडे बोट दाखवायला आमच्याकडे काहीच कारण नव्हते. गाडी तर समोर टिक-टिक करत होती.

अब्बांनी चावी मागितली नाही. ते जुम्म्याला छत्री घेऊन चालत जाऊ लागले. पूर्वी जेवताना एस.टी.चे किस्से निघत, ते थांबले.

तीन आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, कराडला एका नातेवाइकाला इस्पितळात पाहायला जायचे होते. थोरला चालवत होता, शेजारी धाकटा, मागे अब्बा आणि अम्मी. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात ढग रस्त्यावर उतरतात. समोरचे दहा पावलांवरचे दिसत नाही. अशा धुक्यात आजकाल पुष्कळ लोक चारही दिवे लुकलुकवत गाडी हाकतात. त्यांना वाटते आपण सावधगिरी घेतली. पण पार्किंग चालू असले की उजवा-डावा इशारा देताच येत नाही, मागच्याला गाडी उभी आहे की चालती हेही कळत नाही. अब्बांना याची चीड आहे. एरवी ते मागून काहीतरी बोलले असते. त्या दिवशी गप्प होते.

एका वळणानंतर पुढे बंद पडलेला ट्रक होता. त्याला वळसा घालायला थोरल्याने उजवा इंडिकेटर टाकला आणि गाडी बाहेर काढली. मागून इतक्या जोरात हॉर्न वाजला की अम्मीने 'या अल्लाह' म्हटले. एक जीप आमच्या अंगाला घासल्यासारखी निघून गेली, जाताना शिवी देऊन. आम्ही खाली पाहिले. दांडा खाली होता. डॅशबोर्डवरचा हिरवा बाण अंधारा होता. टिक-टिक नव्हती.

गाडीत बराच वेळ कुणी बोलले नाही. मग मागून अम्मी म्हणाली, "आता कोण विसरलं?"

पुढे रुंद जागा पाहून गाडी कडेला घेतली. लाल बटण दाबले तर चारही दिवे लागले. ते बंद करून इंडिकेटर टाकला तर तोही लागला. अब्बा खिडकीबाहेरच्या धुक्याकडे पाहत राहिले.

आमच्यापैकी एकाने बी.एड. केले आहे. त्यात निदानात्मक कसोटी नावाचा एक भाग असतो, उर्दूत त्याला तशखीसी जांच म्हणतात. मूल चुकले की आधी ते नेमके कुठे चुकते हे शोधायचे, मग उपचारात्मक अध्यापन करायचे. परीक्षेत यावर दहा गुणांचे उत्तर लिहिले होते आणि ते चांगले जमले होते. जे मूल नेहमी चुकते त्याचे निदान सोपे असते. एक दिवस बरोबर आणि एक दिवस चूक लिहिणाऱ्याला मात्र आपण मास्तर लोक सरळ 'तवज्जो नहीं' म्हणून मोकळे होतो. घरी तर कसोटीही घेतली नव्हती.

आता ती गाडीची घ्यायची ठरवली. शाळा सुटल्यावर आणि दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघे टॉर्च घेऊन बसू लागलो. आधी मागच्या उजव्या दिव्याचा होल्डर काढला. त्यात गंज होता. सँडपेपरने घासला, २१ वॅटचा नवा बल्ब घातला. अर्थिंगची वायर जिथे पत्र्याला बसते ती जागा खरवडून चकचकीत केली. अर्थिंग खराब असले की वीज परतीची दुसरी वाट शोधते आणि ब्रेक दाबला तर इंडिकेटरही मंद उजळतो, असे कुणीतरी सांगितले होते. तसे होत नव्हते, तरी खरवडले. गाडी चार दिवस नीट चालली. पाचव्या दिवशी पुन्हा मुकी झाली.

मग फ्यूज. त्याच्या पायांवर पुराच्या पाण्याची हिरवी बुरशी चढली होती. चोर सापडला म्हणून आम्ही एकमेकांना टाळी दिली. घासूनपुसून बसवला, आठवडाभर सुख. मग पुन्हा तेच. मग फ्लॅशर बदलला, म्हणजे ती डबी जी टिक-टिक करते. मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा दिवा लुकलुकला पाहिजे असा दंडक आहे. आम्ही घड्याळ लावून मोजले, नवा फ्लॅशर पंच्याऐंशीच्या आसपास होता. पास! तीन दिवसांनी नापास.

प्रत्येक दुरुस्तीनंतर आम्ही एक गोष्ट न चुकता करत होतो. सगळे ठीक आहे ना म्हणून इंडिकेटरच्या आधी लाल बटण एकदा दाबून पाहत होतो. त्यामुळे आमची प्रत्येक दुरुस्ती यशस्वी ठरत होती. हे ध्यानात यायला बाहेरचा माणूस लागला.

नाक्यापलीकडे एक वायरिंगवाले काका आहेत. टपरीएवढे दुकान, भिंतीवर दत्ताची तसबीर, कानाला जाड चष्मा. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी पंधरा मिनिटे नुसते प्रश्न विचारले. दोन्ही बाजूंचे जाते की एकाच? दोन्ही. एकाच बाजूचे गेले असते तर बल्ब, होल्डर, नाहीतर त्या बाजूची वायर पाहिली असती, म्हणाले. बंद असताना पार्किंग लागते? लागते. "मग बल्ब चांगले, फ्लॅशर चांगला, अर्थिंग चांगलं. चौघांनाही तोच फ्लॅशर पेटवतो. फ्लॅशरचे पैसे तुम्ही फुकट घातले." मग त्यांनी विचारले, "बंद पडल्यावर परत चालू कसं होतं? आपोआप, की तुम्ही काही करता?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले.

काकांनी टेस्ट लॅम्प घेतला आणि गाडी मुकी होईपर्यंत आम्हाला तीन दिवस लाल बटणाला हात न लावण्याची शपथ घातली. तिसऱ्या दिवशी ती मुकी झाली, तशीच त्यांच्याकडे नेली. फ्यूजपाशी दिवा लागला. लाल बटणाच्या एका बाजूला, जिथून वीज आत जाते तिथे, लागला. जिथून बाहेर पडते तिथे लागला नाही.

त्यांनी समजावले ते असे. इंडिकेटरची वीज फ्लॅशरकडे थेट जात नाही, या लाल बटणातून जाते. बटण बंद असताना आतली एक पट्टी चावीकडून आलेली वीज पुढे सोडते. बटण दाबले की तीच पट्टी सरकून सरळ बॅटरीकडून वीज घेते, म्हणून चावी काढली तरी पार्किंग चालते. म्हणजे हे बटण दाबलेले नसतानाही काम करत असते. वर्षानुवर्षे कुणी दाबत नाही, पट्टी एकाच जागी बसून काळी पडते. एका बाजूचे दोन दिवे म्हणजे बेचाळीस वॅट, बारा व्होल्टवर साडेतीन अँपिअर. काळ्या पडलेल्या पट्टीला एवढेही झेपत नाही. कधी हादऱ्याने चिकटते, कधी सुटते. बटण एकदा दाबून सोडले की पट्टी घासली जाते, थोडी साफ होते, आणि काही दिवस सगळे सुरळीत.

"अपघाताच्या दिवशी हे बटण कुणी दाबलं होतं?" काकांनी सहज विचारले. त्यांना किस्सा माहीत होता. सगळ्या नाक्याला माहीत होता.

थोरल्याने दाबले होते. घोळक्यातल्या जाणत्याने दांडा टाकण्याच्या दोन मिनिटे आधी. अब्बांच्या बाजूने तेवढा एकच पुरावा होता, तो आम्ही भलेपणाने पुसून टाकला होता.

काकांनी बटण काढून उघडले. आतून चिमूटभर पिवळट माती निघाली, पिठासारखी बारीक. त्यांनी ती बोटावर घेऊन दाखवली. "एकवीसची," म्हणाले. वाशिष्ठीचा गाळ तीन वर्षे तिथे बसला होता. पट्टी साफ करून, स्प्रिंग जरा उचलून बटण परत बसवले. मजुरी दोनशे रुपये घेतली. तीही घेत नव्हते, आम्ही बळेच दिली.

उर्दूत 'इशारा' म्हणजे खूण, हाताने किंवा डोळ्याने केलेली. मराठीत तोच शब्द धोक्याची सूचना देतो. आमच्या वर्गातली मुले मराठीच्या तासाला इथे हमखास गोंधळतात, 'माँ ने इशारा किया' याचे भाषांतर करताना आईला धमकी द्यायला लावतात. गाडीत हे दोन्ही इशारे एकाच बटणातून जातात हे आम्हाला त्या दिवशी कळले. पुढच्या आठवड्यात वर्गात सांगितले, मुलांना आवडले. बाकीची हकिकत सांगितली नाही.

घरी आलो तेव्हा अब्बा ओट्यावर बसले होते. आम्ही चावी त्यांच्यासमोर ठेवली आणि काय सापडले ते सांगितले. थोरला बोलत होता, धाकटा मान डोलवत होता. अब्बांनी ऐकून घेतले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "लाल बटण चार-पाच वेळा दाबलं की परत येतो. दोन महिने तसंच चाललं होतं. चालत्या रस्त्यात आठवायचं नाही, म्हणून हात काढायचो."

"मग सांगितलं का नाही अब्बा?"

"सांगितलं की. भर रस्त्यात सांगितलं. नंतर तुम्ही विचारलंत कुठे?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. एस.टी.त त्यांचा हात खिडकीबाहेरच असायचा. उजवीकडे वळायचे तर हात आडवा सरळ, तळवा पुढे. थांबायचे तर कोपरातून वर. मागच्याला पुढे जाऊ द्यायचे तर हात पुढेमागे हलवायचा. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातही विजेच्या इंडिकेटरने इशारा 'देता येईल' अशी सवलत आहे, हात बाद केलेला नाही. पण रस्त्यावरच्या किती जणांना ही लिपी आता वाचता येते?

हे आम्हाला त्या मुलाच्या घरी कळले. तिथे जायचे ठरवायला चार दिवस लागले. थोरल्याचे म्हणणे, झाले गेले, पैसे देऊन झाले. पण 'वय झालंय, विसरतात' हे वाक्य आम्ही लोकांपुढे बोललो होतो, ते कुठेतरी परत घ्यायला हवे होते. मुलाच्या वडिलांनी चहा दिला, बटणाची हकिकत शांतपणे ऐकली. मुलगा दारात उभा होता. म्हणाला, "आजोबांनी हात बाहेर काढला होता, ते खरंय. मला वाटलं मला पुढे जा म्हणतायत. म्हणून तर मी उजवीकडून घातली."

त्याने हे तेव्हा सांगितले नव्हते. कुणी विचारले नव्हते.

त्याचे वडील 'असू दे, असू दे' म्हणत राहिले. आमच्या मनात अडीच हजारांचा हिशोब एकदा येऊन गेला, तो आम्ही बोललो नाही. नाक्यावर मात्र अजूनही कुणी विचारले तर 'अब्बांनी साइड न दाखवता ठोकली' हीच गोष्ट चालते. नाक्यावर जाऊन बटण उघडून दाखवणार कुणाला?

चावी दोन दिवस ओट्यावरच पडून होती. तिसऱ्या दिवशी जुम्मा होता. अब्बांनी अंगणात गाडी बाहेर काढली, लाल बटण पाच वेळा दाबले, मग दोन्ही इंडिकेटर टाकून स्वतः खाली उतरून चारही दिवे पाहिले आणि गेले.

इथे थांबलो असतो तर हिशोब बरा जुळला असता. पण गाडी निर्दोष झाल्यावर अब्बा कसे चालवतात हे पहिल्यांदाच कळू लागले आहे. आम्ही आलटून पालटून त्यांच्या शेजारी बसतो, बोलत काही नाही, कान तेवढे टिक-टिककडे असतात. गेल्या हिवाळ्यात एकदा बहादूरशेख नाक्याजवळ ते खरेच विसरले. दांडा वरच होता, हातही आतच. यंदाच्या पावसाळ्यात आणखी एकदा. दोन्ही वेळा काही झाले नाही. दोन्ही वेळा घरी आल्यावर ते गाडीभोवती एक फेरी मारून दिवे पाहून आले. दिवे लागत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही, आम्हीही विचारले नाही, आणि या खेपेला विचारायला हवे की नको हे आम्हा दोघांना ठरवता आलेले नाही.

गाडीची मुदत नोव्हेंबर २०२७ ला संपते. अब्बांच्या लायसनची त्याआधी, जानेवारीत. फॉर्म आणि डॉक्टरांचा दाखला या गोष्टी दरवेळी धाकटा करून आणतो. परवा ते म्हणाले, "फोटो नवा लागेल का रे?"

"लागेल," आम्ही म्हणालो. "अजून वेळ आहे."